पत्ता : स्कारांची जुनी जागा

सही करायला आर्डिस हॉव्हलँडला सोळा मिनिटं लागली. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी तिच्या ताब्यात उरली होती. बाकीचं अंग आजाराने एकेक करून नेलं होतं, भुरटा चोर रोज एकेक भांडं उचलून नेतो तसं. पेन चिकटपट्टीने बोटांना बांधलेलं, चाकाच्या खुर्चीला जोडलेल्या फळीवर लिफाफा, आणि लिफाफ्यावर मुंगीच्या चालीने पुढे सरकणारं तिचं नाव.

टेबलापलीकडे शेजारी डेल्मर स्कार टोपी मांडीवर घेऊन बसला होता. साक्षीदार म्हणून. विस्कॉन्सिनात मतपत्रिका घरी मागवली की लिफाफ्यावर मतदाराची सही लागते, आणि खाली साक्षीदाराचं नाव, सही, पत्ता. मत ज्याचं त्यानेच दिलं, एवढं साक्षीदाराने बघायचं. कोणाला दिलं ते बघायचं नाही. म्हणून आर्डिस मतपत्रिकेवरचे चार गोल काळे करत होती तो पाऊण तास डेल्मर खिडकीबाहेरच्या चिखलाकडे बघत बसला होता. एप्रिल लागत होता, बर्फ वितळत होतं, त्यामुळे बघायला चिखलाची काही कमी नव्हती.

गावच्या हॉलवर गेली असती तर दोन कर्मचारी गाडीपाशी येऊन तिच्या वतीने गोल काळे करून गेले असते. तशी सोय होती. पण आर्डिसला दुसऱ्याच्या हाताचा गोल नको होता. घरी पाऊण तास घेतला तरी मागे रांग नव्हती.

साक्षीदार म्हणून नवरा चालला नसता. व्हर्लिन गावच्या बोर्डासाठी उभा होता, आणि उमेदवाराला साक्षीदार होता येत नाही. त्याच्याविरुद्ध कोणीच नव्हतं, कारण रस्त्यातल्या खड्ड्यांपायी वर्षभर शिव्या खायची हौस गावात दुसऱ्या कोणाला नव्हती.

"विरुद्ध कोणी उभंच नाही," व्हर्लिन आदल्या दिवशी म्हणाला होता. "मी सही केली तर कोणाचं वाकडं होणार आहे?"

"नियमाचं."

"नियमाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. उद्या डेल्मर आला की तू बाहेर जा. गाई बघ."

"गाई विकून आठ वर्षं झाली, आर्डिस."

"मग गोठा बघ."

डेल्मरचं नाव व्हर्लिननेच सुचवलं होतं. सगळ्यात जवळचा शेजारी, दीड मैलावर. नाव ऐकून आर्डिसने नजर खिडकीबाहेर वळवली होती. मग म्हणाली होती, "बोलाव."

तर शनिवारी सही झाली. आर्डिसची मान छातीवर पडली, डोळे मिटले. डेल्मरने खालच्या ओळी भराभर लिहिल्या आणि लिफाफा चिकटवून फळीवरच्या रबराखाली सरकवला.

"रस चालू झालाय," तो उठत म्हणाला. "चुलाण पेटवून आलोय."

मेपलच्या झाडांना रस सुटतो तो वर्षातून तीन-चार आठवडे. रात्री थिजायला हवं, दिवसा ऊन हवं. तेवढ्या दिवसांत चाळीस बादल्या रस आटवायचा तेव्हा एक बादली काकवी पडते. त्या दिवसांत काहिलीपासून हलणारा माणूस एक तर वेडा, नाही तर फार सज्जन. डेल्मर यातला कोण, हे आर्डिसला नऊ वर्षांत विचारता आलं नव्हतं.

लिफाफा पोस्टात टाकता आला असता. पण हल्ली पोस्टाचा भरवसा त्या भागात कोणी धरत नव्हतं. गावच्या हॉलच्या दाराशी मतपत्रिकांची पेटी होती. दूध संघ बंद पडला तेव्हा त्याची लोखंडी पेटी गावाने आणली, पांढरा रंग फासला, सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट मारून बसवली. समोरच्या खांबावर हरणांच्या शिकारीसाठी वापरतात तो कॅमेरा बांधला. कोणी पेटीजवळ आलं की तो फोटो काढायचा. मतदारांइतकेच फोटो त्यात खारींचे निघत.

पेटीवर सूचना होती. आर्डिस मतदानाच्या टेबलावर कामाला होती तेव्हा तिनेच ती लिहिली होती. आपला लिफाफा आपणच टाकावा. दुसऱ्याचा टाकू नये. अपंगत्वामुळे ज्यांना जमत नाही त्यांना आपल्या पसंतीच्या माणसाची मदत घेता येईल.

"बघ," व्हर्लिन म्हणाला होता. "तिसरं वाक्य तुझ्यासाठीच आहे. मी टाकतो."

"उमेदवाराच्या हातात माझा लिफाफा? गावाने काय म्हणायचं?"

"गाव म्हणेल, बायकोचा लिफाफा टाकला."

"मी टाकणार."

"कशाने?"

"तोंडाने."

चोवीस वर्षं ती बाई मतदानाच्या टेबलामागे बसली होती. नावं तपासायची, ओळखपत्रं बघायची, घरून आलेले लिफाफे उघडण्याआधी सही, साक्षीदार, पत्ता पडताळायची. पाठीमागे लोक तिला टेबलाची कुत्री म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आजार आला आणि त्याच लोकांच्या तोंडी ती 'बिचारी आर्डिस' झाली. हे मात्र तिला सहन होईना. दया फुकट मिळते, म्हणून लोक ती ओंजळी भरभरून वाटतात. त्यांना पांगळा माणूस हवा असतो तो हसणारा, आभार मानणारा, कोपऱ्यात बसणारा. नियम करणाऱ्यांचंही तसंच. दुसऱ्या माणसाचं तोंड त्यांनी कधी पुसलेलं नसतं.

आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की नोव्हेंबरपर्यंत ही दोन बोटंही राहणार नाहीत. पुढचं ते बोलले नव्हते. तिने विचारलंही नव्हतं.

व्हर्लिनने बर्फातल्या मासेमारीची आखूड काठी मोडली, टोकाला कपड्यांचा चिमटा बसवला, दुसऱ्या टोकाला दातांत धरायला रबर गुंडाळलं. बुटांच्या खोक्याला फट पाडून ते टेबलावर ठेवलं. चार दिवस तालीम चालली. चिमट्यात लिफाफ्याएवढा पुठ्ठा, काठी दातांत, फटीत अर्धा सारायचा, मग काठी मागे घेऊन टोकाने ढकलायचा. पहिल्या दिवशी बारा वेळा पडला. व्हर्लिनने बारा वेळा उचलला. तो चाळीस वर्षं दुधाची टँकरगाडी हाकणारा माणूस, उचलायचा त्याला कंटाळा नव्हता.

मंगळवार मतदानाचा. सकाळी साडेनऊला त्यांची गाडी हॉलसमोर लागली. मत द्यायला सात-आठ माणसं आली होती, ती थबकली. व्हर्लिनने उतरण लावली, खुर्ची ओट्यापाशी नेली, काठी तिच्या तोंडात दिली. लिफाफा चिमट्याला लावून दिला तो रांगेतल्या एका बाईने. स्वतः व्हर्लिनने दोन्ही हात खिशात घातले, सगळ्यांना दिसतील असे.

पहिल्यांदा लिफाफा फटीच्या कडेला अडला. दुसऱ्यांदा वाऱ्याने फिरवला. आर्डिसच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. आजाराने मानेला कंप होता. तिसऱ्यांदा लिफाफा अर्धा आत गेला, तिने काठी मागे घेतली, टोक टेकवलं आणि मान पुढे केली. आत पत्र्यावर लिफाफा आपटल्याचा आवाज झाला.

व्हर्लिनने तिच्या तोंडातली काठी काढली, हनुवटी पुसली.

"बघा," आर्डिस जमलेल्यांना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द अजून धारेचे होते. "म्हातारी कुत्री पेपर घेऊन आली."

आधी कोणी हसलं नाही. मग रांगेतली ती बाई हसली, मग सगळेच. आर्डिसला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या विनोदाला हसलं होतं, खुर्चीकडे बघून दयेपोटी नाही.

घरी जाऊन ती झोपली. दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. व्हर्लिनने तो तिच्या कानापाशी धरला.

फोन लॉर्नाचा होता. लॉर्ना गावची क्लार्क, पंचेचाळीशीची. गावाचं सगळं दप्तर ती स्वतःच्या स्वयंपाकघरात सांभाळायची, निवडणुकीच्या दिवशी हॉलमध्ये बसायची. तिला हे काम आर्डिसनेच शिकवलं होतं.

"आर्डिस, दोन वाजता पेटी उघडली आम्ही," लॉर्ना म्हणाली. "दोघींनी मिळून, सील बघून, वहीत नोंद करून. म्हणजे तुम्ही ओरडायच्या आधीच सांगते."

"मी ओरडत नाहीये. पुढे बोल."

"तुमचा लिफाफा आहे. सही ठीक. डेल्मरची सही ठीक. पत्त्याच्या ओळीवर त्याने लिहिलंय, 'स्कारांची जुनी जागा'."

आर्डिसने फोनला कान आणखी टेकवला.

"घराचा नंबर नाही, रस्ता नाही, काही नाही," लॉर्ना म्हणाली. "पण ऐका, मी तुम्हाला घाबरवायला फोन केला नाही. आता कोर्टाने सांगितलंय की साक्षीदार कुठे सापडेल हे वाचणाऱ्याला कळत असेल तर तेवढं पुरे. आणि स्कारांची जुनी जागा गावात कुत्र्यामांजरालाही ठाऊक आहे. मी घेतेय तो. फक्त तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

"नको घेऊस."

"काय?"

"मला परत दे. दुरुस्त करून आणते. मतदाराला लिफाफा परत देता येतो."

"येतो. पण गरज नाही म्हणतेय मी. सकाळी तुम्ही जे केलंत ते पुन्हा करणार?"

"लॉर्ना, आम्ही येतोय. तो बाजूला ठेव."

व्हर्लिनने फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. त्याला कळलं होतं, तरी त्याने विचारलं. "ओडिन?"

"ओडिन," ती म्हणाली.

ओडिन स्कार डेल्मरचा बाप. नऊ वर्षांपूर्वीची वसंतातली निवडणूक. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा कंबरेचं हाड मोडून खाटेवर पडला होता. कोरियाच्या लढाईतून परतल्यापासून त्याने एकही निवडणूक सोडली नव्हती. म्हणून घरी मतपत्रिका मागवली. साक्षीदार त्याची सून. पत्त्याच्या ओळीवर तिने लिहिलं, 'हेच घर'.

लिफाफा टेबलावर आला. पलीकडे बसलेली सहकारीण म्हणाली, "आर्डिस, ही कोण आणि कुठे राहते ते आपल्याला ठाऊक आहे."

आर्डिस म्हणाली, "मला ठाऊक असून उपयोग नाही. लिफाफ्याला ठाऊक पाहिजे." आणि बाद केला.

वाक्य झकास होतं. त्या दिवशी तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. नंतर नऊ वर्षं तिला दुसरंच दिसत राहिलं. भिंतीवरचा फोन. मतदान संपायला चार तास होते. सून मोटारीने दहा मिनिटांत आली असती, नंबर लिहून गेली असती. फोन कर म्हणणारा नियम नव्हता, करू नको म्हणणाराही नव्हता. समोर रांग होती आणि तिला उठायचा कंटाळा आला. एवढंच. नियमाचं नाव पुढे करून माणूस आपला आळस झाकतो तसं तिने केलं होतं. तीन आठवड्यांनी ओडिन गेला. दफनाच्या दिवशी आर्डिसने नेलेलं जेवणाचं भांडं डेल्मरने दारात घेतलं, आभार मानले, धुऊन परत पाठवलं. त्यापलीकडे एक शब्द नाही.

आणि आज तिचाच लिफाफा, स्कारच्याच हातचा अर्धा पत्ता. हे त्याने मुद्दाम केलं असेल का, हा विचार गाडीत बसेपर्यंत दोनदा तिच्या मनात आला. केलं असेल तर तिला वाईट वाटणार नव्हतं. फिटंफाट झाली, असंच वाटलं असतं.

हॉलच्या दारात लॉर्ना लिफाफा घेऊन उभी होती. तिने परत दिल्याची वेळ वहीत लिहिली, आर्डिसला वाचून दाखवली, लिफाफा फळीवरच्या रबराखाली ठेवला.

"पेटी शेवटची आठला उघडेन, मतदान संपताना," ती म्हणाली. "त्यानंतर आला तर मी तुमचीच शिष्य आहे."

"बाद करशील?"

"डोळ्यांत पाणी आणून करेन. पण करेन."

"शाब्बास," आर्डिस म्हणाली.

स्कारांच्या गुऱ्हाळापर्यंत गाडी जाणं शक्य नव्हतं. झाडीतून वर जाणारी वाट म्हणजे नुसता चिखलाचा राडा. व्हर्लिनने खालीच गाडी उभी केली आणि तीनदा भोंगा वाजवला. वर टेकाडावर लाकडी खोपट, त्याच्या छपरातून वाफेचा पांढरा लोट. थोड्या वेळाने डेल्मर उतरून आला. हातात फेस काढायचा लांब झारा, तोंडावर काजळी, बुटांना शेरभर चिखल.

"काय झालं?" त्याने गाडीच्या उघड्या दारातून विचारलं. "बाई बरी आहे ना?"

"बाई इथे आहे," आर्डिस म्हणाली. "बाईलाच विचार."

"बरी आहेस ना?"

"पत्ता चुकला. बघ."

डेल्मरने हात विजारीला पुसले, लिफाफा न उचलताच वाकून वाचला. "स्कारांची जुनी जागा. बरोबर आहे की."

"मुद्दाम लिहिलंस?"

"म्हणजे? हाच पत्ता आहे. यावर पत्रं येतात. विजेचं बिलसुद्धा येतं, ते तर न चुकता."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यात काही लपलेलं नव्हतं. काजळीखाली फक्त गोंधळ होता.

"घराचा नंबर लागतो. आगीचा बंब येतो तेव्हा बघतात तो. पाटीवरचा."

"तो कोणाला पाठ असतो? पाटी जानेवारीत बर्फ काढणाऱ्या गाडीने उडवली. मी बोर्डाला कळवलं होतं." त्याने व्हर्लिनकडे बघितलं.

"मी अजून निवडून आलो नाही," व्हर्लिन म्हणाला.

"येशील की. दुसरं आहे कोण?"

"पाटी गेली कुठे पण?"

"वर आहे. चुलाणाच्या दाराला टेकू लावलाय तिचा. थांब, बघून येतो नंबर. काहिलीत रस शेवटाला आलाय, मला असं उभं राहता यायचं नाही." तो वळला.

"डेल्मर."

तो थांबला.

"ओडिनचं मत मी बाद केलं."

वर खोपटातून वाफ निघत होती. डेल्मर तिकडे बघत उभा राहिला. झारा त्याने चिखलात टेकवला.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"तूच. मत मोजलं नाही म्हणून कागद आला होता घरी. खाली तुझी सही. तेव्हा तुझी सही फार ऐटबाज होती."

"त्याला वाचून दाखवलास?"

"त्यानेच वाचला. चष्मा लावून दोनदा. मग तीन दिवस तुला शिव्या घातल्या. नॉर्वेजियनमधून घातल्या, अर्ध्या मला कळल्याच नाहीत. चौथ्या दिवशी दमला."

"आणि?"

"आणि काय? पुढे मेला. तुझ्यामुळे नाही. अठ्ठ्याऐंशीचा होता आणि सकाळी उठून डुकराची चरबी खायचा."

"भिंतीवर फोन होता, डेल्मर. मला तुला बोलावता आलं असतं. चार तास होते. मी उठले नाही."

डेल्मरने तिच्याकडे पाहिलं. खुर्चीकडे नाही, तिच्याकडे.

"हो," तो म्हणाला. "उठायला हवं होतंस."

व्हर्लिनने स्टिअरिंगवर हात आवळले. मग आर्डिसच्या चेहऱ्याकडे बघून सैल सोडले. कारण आर्डिसचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र मोकळा झाला होता. नऊ वर्षांत तिने हे दोघातिघांना सांगितलं होतं. पाद्री म्हणाला होता, तुम्ही कर्तव्य केलंत. व्हर्लिन म्हणाला होता, जाऊ दे. आजारी पडल्यावर तर काय, आजारी बाईची चूक कोणी चूक मानतच नाही. तिच्यावर रागवण्याचा हक्क ज्याला होता तो माणूस आज समोर उभा राहून, चिखलात झारा रोवून, तिला सांगत होता की चुकलीस. तिला पुन्हा माणसांत घेतल्यासारखं वाटलं.

"मग शनिवारी आलास कशाला?" तिने विचारलं. "रस सोडून?"

डेल्मरला या प्रश्नाचं नवल वाटलं. "तुला मत द्यायचं होतं. साक्षीदार हवा होता. तुझ्यावर राग आहे म्हणून तुझं मत बुडवू का मी? ते तर…" तो थांबला.

"ते तर मी केलं," आर्डिस म्हणाली.

"मी तसं म्हणणार नव्हतो."

"म्हण. खरं आहे."

वाऱ्याबरोबर करपल्याचा वास आला. आधी गोड, मग एकदम कडवट. व्हर्लिनने नाक वर केलं.

"डेल्मर, जळतंय."

"कळतंय मला."

"पळ की मग."

"आता पळून काय होणार? गेली ती." डेल्मर तरी वर गेला, पण चालत गेला. आतून लोखंडावर पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला, पांढऱ्या वाफेच्या जागी काळपट धूर निघाला. मग तो खाली आला तेव्हा त्याच्या एका हातात नंबराची पाटी होती, राखेने माखलेली, एक कोपरा दुमडलेला.

"सगळी गेली?" आर्डिसने विचारलं.

"सकाळपासूनची काहील. तळाशी बरणीभर निघेल, तीही कुत्रं खाणार नाही."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे," डेल्मर म्हणाला. त्याने बाहीने पाटी पुसली, खिशातून पेन काढलं, पाटीकडे बघत एकेक आकडा लिफाफ्यावर लिहिला. एस ४४१७, मग रस्त्याचं नाव, गावाचं नाव. शाळेतल्या मुलासारखा जीभ बाहेर काढून. लिहून झाल्यावर लिफाफ्याच्या कोपऱ्यावर त्याच्या काळ्या अंगठ्याचा ठसा राहिला.

"डाग पडला," व्हर्लिन म्हणाला.

"डागाबद्दल नियम आहे का?" डेल्मरने आर्डिसला विचारलं.

"नाही."

"मग झालं तर." तो पाटी घेऊन उभा राहिला. वर आता जायला काही कारण उरलं नव्हतं. "मीही येतो. मत द्यायचं राहिलंय माझं. काहील जळली, आता मोकळाच आहे."

पाच वाजता ते हॉलसमोर पोचले. ऊन तिरपं झालं होतं, ओट्यावरचं पाणी वाळलं होतं. व्हर्लिनने खुर्ची पेटीपाशी लावली, काठी काढली. आर्डिसने ती दातांत धरली. डेल्मरने चिमट्यात लिफाफा अडकवला. काठी उचलली गेली, थरथरली, आणि गळून फळीवर पडली. जबडा सकाळीच संपला होता. तिने पुन्हा धरली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिने तोंडच उघडलं नाही.

व्हर्लिनचे हात खिशात होते. ते बाहेर यायला किती धडपडत होते ते तिला विजारीच्या कापडावरून दिसत होतं.

"व्हर्लिन, तू नाही," ती म्हणाली.

"मी हललोसुद्धा नाही."

"डेल्मर, तू टाक."

डेल्मर मागे सरला. "दुसऱ्याचा टाकू नये असं लिहिलंय."

"तिसरं वाक्य वाच."

त्याने टोपी मागे केली आणि मोठ्याने वाचलं, अडखळत, सगळंच्या सगळं. "अपंगत्वामुळे ज्यांना जमत नाही त्यांना… आपल्या पसंतीच्या माणसाची मदत घेता येईल." मग विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"मीच."

"आपल्यासाठीच लिहितोय हे लिहिताना कोणाला कळतं म्हणा," डेल्मर म्हणाला.

आर्डिसला सकाळी वाटलं होतं की लिफाफा आपल्या दातांनी आत ढकलला यापेक्षा मोठं काही असणार नाही. आता ती स्कारच्या काळ्या बोटांत तो लिफाफा बघत होती आणि तिला त्याहून हलकं वाटत होतं. नऊ वर्षांपूर्वी ओडिनचा लिफाफा असाच आपल्या हातून दुरुस्तीला स्कारांच्या घरी गेला असता तर, असं तिच्या मनात आलं. पण गेला नव्हता. ते काही बदलणार नव्हतं, आणि डेल्मरनेही बदललं असल्याचं नाटक केलं नव्हतं. तिला त्याबद्दल त्याचे पाय धरावेसे वाटले असते, पण तिचे हात चालत नव्हते आणि त्याच्या बुटांना शेरभर चिखल होता.

"थांब," ती म्हणाली. "पत्ता वाच एकदा."

"एस ४४१७."

"आता लिफाफ्याला ठाऊक झालं. टाक."

त्याने टाकला. पत्र्यावर आवाज झाला. खांबावरच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका लुकलुकला.

"आभारी आहे, डेल्मर," आर्डिस म्हणाली. एवढे दोन शब्द तिने दोन वर्षं उशी सरकवणाऱ्याला, दार धरणाऱ्याला, तोंडात चमचा देणाऱ्याला दिवसातून पन्नासदा म्हटले होते, दात खाऊन. आज म्हणताना तिला दात खावे लागले नाहीत.

"हं," डेल्मर म्हणाला, आणि मत द्यायला आत गेला. आत त्याला लॉर्नाने पत्ता विचारला. तो पाटीच घेऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्ना कॉफीला आली. शेवटी पेटी उघडली तेव्हा सहा लिफाफे निघाले होते, सहाही मोजले गेले. व्हर्लिन दोनशे बारा मतं घेऊन निवडून आला होता. कॅमेऱ्यातला फोटो तिने फोनवर दाखवला. खुर्ची, तिच्या मागे हात खिशात घातलेला व्हर्लिन, पुढे पेटीपाशी वाकलेला डेल्मर, आणि कोपऱ्यात एक खार.

"दोनशे बारा," व्हर्लिन म्हणाला. "त्यातलं एक तुझं."

"तुला कोणी सांगितलं?" आर्डिस म्हणाली.

लॉर्ना कपाआड हसली.

"पाटी बसवून दे आधी डेल्मरची," आर्डिस म्हणाली. "मग बघू."

जाताना लॉर्नाने दारातून एक बरणी आत आणली. पायरीवर ठेवलेली होती, चिठ्ठी नव्हती. आत काळी, डांबरासारखी काकवी. व्हर्लिनने झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कुत्रं खाणार नाही म्हणाला होता," तो म्हणाला.

"म्हणून तर माझ्याकडे पाठवली," आर्डिस म्हणाली. "लेफ्सं गरम कर."

त्याने बटाट्याची, पोळीसारखी पातळ नॉर्वेजियन लेफ्सं तव्यावर टाकली, वर काकवी ओतली, घास करून तिच्या तोंडात दिला. कडू होती. ती हळूहळू चावत राहिली, गिळायला आता वेळ लागायचा. मग तिने तोंड उघडलं, दुसऱ्या घासासाठी.